शहाण्णव ब्लॉकांचा दिवस

मी पंधरा मिनिटांची चूक केली आणि तिच्यामुळे एका माणसाचं काम गेलं.

हे एकदा लिहून टाकलं की हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. तीही चूकच निघाली. तशी माझ्या चुकांची यादी भरगच्च आहे. एकदा मित्राच्या लग्नाला म्हणून कार्यालयात शिरलो, आहेर दिला, मठ्ठा दोनदा मागून घेतला, आणि बाहेर पडल्यावर कळलं की मित्राचं लग्न शेजारच्या कार्यालयात होतं. पण त्यात माझ्या पाकिटापलीकडे कुणाचं काही गेलं नाही. या चुकीत गेलं.

हिंजवडीत आमची कंपनी होती. काम विचित्र. उद्या ऊन आणि वारा किती वीज देणार, ते आज सांगायचं. पवनचक्क्या साताऱ्याकडच्या पठारावर, सौर पॅनेलं सोलापूरच्या बाजूला, आणि त्यांचं भविष्य वर्तवणारे आम्ही काळ्या काचांच्या इमारतीत, जिथे ऊन दिसत नसे आणि वारा लागत नसे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे करायचे. त्यांना ब्लॉक म्हणत. कुठल्या ब्लॉकमध्ये किती वीज येईल ते आधी कळवायचं. कारण ढग आला आणि सौर वीज घटली, की तेवढीच वीज त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला तरी वाढवावी लागते, धरणावरच्या केंद्राला नाहीतर कोळशावरच्या. नाही वाढली तर सगळं जाळं डगमगायला लागतं.

हे सगळं मला सरांनी शिकवलं. मी मुळात मोबाइलवरून पिझ्झा मागवायचं ॲप लिहिणारा माणूस. वीज भिंतीतून येते, एवढंच मला ठाऊक होतं.

सर सरकारी लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे राज्यभरच्या विजेची आवक-जावक जिथून सांभाळतात त्या खोलीत, तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आमच्याकडे सल्लागार. रविवार पेठेत त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्याआधी आजोबांचं. कित्येक पिढ्या पुण्यात मुरलेलं मुसलमान घर. त्यामुळे आमच्या ऑफिसात सगळ्यांत शुद्ध मराठी त्यांचं होतं, आणि सगळ्यांत तिखटही. मी पहिल्या दिवशी "सर, मी लेट झालो, सॉरी," म्हणालो, तर म्हणाले, "अहो, उशीर झाला म्हणा. तेवढ्यानेही पुरेशी लाज वाटते."

सर घड्याळ बघत, पण वेळ सांगत नसत. ब्लॉक सांगत. "एकोणपन्नासला जेवू," म्हणजे बाराला. पहिला ब्लॉक मध्यरात्री सुरू होतो, तिथून मोजायचं. त्यांच्या भाचीच्या निकाहाचं आमंत्रण मला तोंडी मिळालं ते असं: "रविवारी पंचेचाळीसला. जेवण त्रेपन्नला. आणि कार्यालय नीट बघून शिरा." (माझी मठ्ठ्याची गोष्ट तोवर ऑफिसभर झाली होती.)

त्यांच्या टेबलावर आगपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र असे. सॉकेटमध्ये खोचलेलं, लाल आकडे दाखवणारं. पन्नासच्या आसपास आकडा सदैव हलत असायचा. देशभरच्या विजेची नाडी, सेकंदाला पन्नास ठोके, असं ते म्हणत. आकडा पन्नासच्या खाली गेला की सरांचा चेहरा उतरायचा. वर गेला तरी उतरायचा. बरोबर पन्नासवर आला की म्हणायचे, "टिकणार नाही."

निरभ्र दिवशी तर त्यांना बघवत नसे. आम्ही खूश, कारण निरभ्र दिवसाचं भाकीत सोपं. सर मात्र सकाळपासून सुतकी. "दिवसभर एवढं ऊन पाजताय जाळ्याला. सूर्य मावळला की काय पाजणार? त्याच तासाला सगळी घरं दिवे लावणार, टीव्ही लावणार, मिक्सर लावणार." एकदा मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की बायकोबरोबर टेकडीवर सूर्यास्त बघून आलो. तर म्हणाले, "जरूर बघा. तुम्ही हात धरून बघत होतात तेव्हा धरणाखाली कुणीतरी घाम गाळत यंत्र चालू करत होतं. त्याची बायकोही वाट बघत असेल."

आणि डायरी. निळ्या रेक्झिनची, रबरबँड लावलेली. तिच्यात चाळीसएक माणसांचे फोन नंबर होते. इंजिनिअर एकही नाही. पठारावरच्या पवनचक्क्यांखालचा हॉटेलवाला. मांजरीचा रोपवाटिकावाला. लोणी काळभोरला महामार्गावर पंक्चर काढणारा. पापड-कुरडया करणाऱ्या बायका. आणि सर्वांत लाडका, सांगलीकडचा एक बेदाणेवाला. बेदाणा शेडवर वाळत असताना चार थेंब पडले तर माल काळा पडतो, म्हणून तो माणूस फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आभाळाकडे बघत जगायचा. "उपग्रहाला नुकसान होत नाही," सर म्हणायचे, "म्हणून तो निवांत बघतो. ज्याचं नुकसान होणार त्याला विचारावं."

एका मार्चमधली सकाळ मला पाठ आहे. आमच्या प्रोग्रामच्या मते सोलापूरकडे दिवसभर स्वच्छ ऊन. साडेअकराला टेबलावरचा फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला, बहुधा मी शिकावं म्हणून.

"सायेब, मावळतीकडनं काळं आलंय. ताडपत्र्या टाकाय लागलोय."

"डोक्यावर कधी येईल?"

"च्या पिऊन हुईस्तोवर."

"चहा एकट्याचा का सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"मग वीस मिनिटं. वारा कसा आहे?"

"ताडपत्री एकट्यानं धरवंना."

फोन ठेवून सरांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि चिठ्ठी लिहिली: त्रेपन्न ते अठ्ठावन्न, अर्ध्याहून कमी. म्हणजे एक ते अडीच. त्यांच्या चिठ्ठ्या अशाच असत. बऱ्याचदा दोनच ब्लॉकच्या, कधी कधी एकाच. त्या संगणकात भरायचं काम माझं. मी भरली, मनातल्या मनात हसत. बरोबर एक वाजता पॅनेलांची रेघ पडद्यावर अशी कोसळली, की मला वाटलं माझा स्क्रीन बिघडला. मी तो बंद करून चालू केला. सर म्हणाले, "चालू राहू द्या. ढगाला तुमच्या बटणाची भीती नाही."

त्याच वर्षी ते मला पठारावर घेऊन गेले होते. वारा इतका, की मी बोललेलं मलाच ऐकू येत नव्हतं. आणि अचानक समोरच्या पवनचक्क्या एकेक करून थांबल्या. मी विचारलं, बिघडल्या का? सर कानाशी ओरडले, "नाही. जोर फार झाला की त्या आपणहून बंद होतात. तुटण्यापेक्षा बरं." मग जीपमध्ये बसल्यावर काच वर करून हळू म्हणाले, "बघणाऱ्याला वाटतं, वारा पडला."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तीही एक फजितीच. रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. बोलावणं होतं पंच्याहत्तरला, म्हणजे साडेसहाला. डिसेंबर होता. दार उघडं, आत मिट्ट काळोख. वीज गेली असेल असं वाटलं. मी चपला काढल्या, आणि सवयीने भिंत चाचपून बटण दाबलं. लख्ख दिवा लागला. कोचावर सर, खुर्चीत त्यांच्या पत्नी, दोघंही शांत बसलेली, आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी नमाजाच्या वेळी टेपरेकॉर्डर लावलाय.

"बंद करा," सर म्हणाले.

पंच्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर, साडेसहा ते साडेसात, त्या घरात दिवा लागत नसे. इस्त्री नाही, मिक्सर नाही, पंखासुद्धा नाही. राज्यावर सगळ्यांत जास्त भार असलेला तास. नोकरीत असताना तो भार पेलला आणि आता निवृत्त झाल्यावर आपणच तो वाढवायचा, हे सरांना पटत नव्हतं. "एका बल्बने काय फरक पडतो?" मी अंधारात विचारलं. अंधारातून उत्तर आलं ते सरांचं नव्हतं.

"असं वर्गातली साठही मुलं म्हणतात."

त्या बाई. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि सरही. त्या संध्याकाळी मी चहात मीठ घालून प्यालो, कारण बाईंनी दोन वाट्या ठेवल्या होत्या, एक साखरेची, एक काकडीबरोबरच्या मिठाची, आणि अंधारात कुठली कोणती ते मला विचारायची लाज वाटली. संपवला पूर्ण. साडेसातला दिवा लागला तेव्हा बाईंनी कप बघितला, वाटी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेल्या. तेव्हाच माझं मूल्यमापन झालं असावं.

आता ती चूक.

सरांचा करार वाढवायचा की नाही, हे ठरायचं होतं. आमचा मॅनेजर मला म्हणाला, "बघ ना, सरांच्या त्या चिठ्ठ्यांनी ॲक्युरसी खरंच वाढते का. डेटा काढ. इमोशनल नको व्हायला." मी इमोशनल अजिबात झालो नाही. वर्षभराच्या चिठ्ठ्या घेतल्या, प्रत्यक्ष आलेली वीज घेतली, आणि दोन्ही शेजारी लावून बघणारा प्रोग्राम एका दुपारात लिहिला.

सर ब्लॉक एकपासून मोजत, जसं सगळं जग मोजतं. आम्ही संगणकवाले शून्यापासून मोजतो. प्रत्यक्ष विजेचे आकडे शून्यापासून होते, आणि सरांचा त्रेपन्न मी तसाच त्रेपन्न म्हणून लावला. म्हणजे त्यांची प्रत्येक दुरुस्ती माझ्या कागदावर पंधरा मिनिटं उशिरा पोहोचली. ढग येऊन गेल्यावर सर "ढग आला" म्हणताहेत, असं दिसायला लागलं. एक-दोन ब्लॉकच्या चिठ्ठ्या तर पार उलट्या पडल्या. निष्कर्ष निघाला: सल्लागारांच्या दुरुस्त्यांमुळे अचूकता वाढत नाही, किंचित घटते. मी त्या "किंचित"वर खूश होतो. मला तो सभ्यपणा वाटला.

आणि सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायचीच आहे. प्रोग्रामने मला सांगितलं होतं. शहाण्णवाव्या ब्लॉकची एखादी चिठ्ठी आली की तो अडकून पडायचा, कारण शून्यापासून मोजलं तर शहाण्णव नावाचा ब्लॉकच नसतो. यंत्र ओरडून सांगत होतं की तुझं मोजणं चुकलंय. शुक्रवार होता, सहाची कंपनीची बस पकडायची होती. मी एक ओळ लिहून त्याला गप्प केलं.

अहवाल मी सरांना आधी दाखवला नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. करार वाढला नाही; शेवटच्या दिवशी त्यांनीच तो मागितला. "कागदावर द्या. पडद्यावर मला नीट वाचता येत नाही." खिशातून घड्याळवाल्यांचं भिंग काढलं, वडिलांचं, डोळ्यात बसवलं, आणि पानं उलटली. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले. मग भिंग खिशात, कागदाची घडी पिशवीत, ते लाल आकड्यांचं यंत्र रुमालात. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आकडे छान लावलेत."

मी हे घरी जाऊन बायकोला सांगितलं. एवढा मोठा माणूस, मी त्यांच्या विरोधात अहवाल दिला, तरी कौतुक करून गेला म्हणून.

जुलैत मला चूक सापडली. सापडली कसली, समोर येऊन उभी राहिली. तोच प्रोग्राम मी दुसऱ्या कामासाठी उचलला, तर एका नव्या सौर प्रकल्पावर सूर्य पंधरा मिनिटं उशिरा उगवायला लागला. सूर्य चुकत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी जुने आकडे पुन्हा लावले, नीट. सर बाराही महिने आमच्यापेक्षा सरस होते. मी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "अरे, ते आता ओपन नको करूस. क्लोज झालंय." मला वाटायला हवं होतं की हा माणूस निगरगट्ट आहे. मला वाटलं, चला, परवानगी मिळाली.

मग ऑगस्ट गेला. दिवाळी गेली. मी एकदा रास्ता पेठेपर्यंत जाऊन तिथून केळी घेऊन परत आलो.

मार्चमध्ये ऑफिसचा जुना फोन वाजला. सरांचं टेबल माझ्याकडे आलं होतं, फोनही.

"सायेब हायती का?"

"ते इथे नसतात आता."

"आजारी हायती व्हय? गेल्या सालापासनं फोन उचलंनात. घरचा बी उचलंनात." बेदाणेवाला होता. "मी ढग बघतोय हितं. पण सांगू कुणाला?"

मला सांगा, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो ढग कुठे कधी पोहोचेल, हे मला कुठे ठाऊक होतं! दुपारी पॅनेलं पुन्हा कोसळली असतील; मी पडदा बघितला नाही. पाच वाजता दोन्ही अहवाल, चुकीचा आणि बरोबर, बॅगेत घातले आणि कंपनीच्या सहाच्या बसची वाट न बघता निघालो. तरी वाकडच्या पुलाशी तासभर अडकलो. पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते.

दार उघडं. आत काळोख. या वेळी मी भिंतीला हात लावला नाही.

"कोण?" सरांचा आवाज.

मी नाव सांगितलं. कोपऱ्यात त्या यंत्राचे लाल आकडे हलत होते. एकोणपन्नास पूर्णांक काहीतरी. त्या उजेडात कोचावरचा एक गुडघा दिसत होता, आणि खुर्चीतल्या बाईंची बांगडी.

मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. शून्य, एक, पंधरा मिनिटं, शहाण्णव. जुलै. मॅनेजर. केळीसुद्धा सांगितली. अंधारात बोलणं सोपं जातं. चेहरा नसतो ना, आपलाही आणि समोरचाही.

सर उठले. कागद घेऊन खिडकीशी गेले. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड होता तिथे. भिंग डोळ्याला लावलं. नवा कागद त्यांनी बघितलाही नाही. जुन्याच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"शहाण्णवला इथे काहीच नाही. मी चार वेळा शहाण्णव दिला होता. वाऱ्याचा. चारही गायब." मग माझ्याकडे वळले. "यंत्र अडकलं असेल."

"अडकलं होतं. मी त्याला गप्प केलं."

"का?"

"बस होती सहाची."

सर हळूच येऊन बसले. "एक ब्लॉक सरकवलाय, हे मी त्याच दिवशी, तुमच्या टेबलाशीच ओळखलं."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"चूक असती तर दाखवली असती," ते म्हणाले. "मला वाटलं, मुद्दाम सरकवलाय. शिकलेला माणूस, दोन वर्षं माझ्या शेजारी बसलेला, त्याला एक आणि शून्य कळत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि हेतू दाखवून काय करायचं असतं?" डोळ्यातलं भिंग काढून म्हणाले, "मग फोन उचलावेसे वाटेनात. कुणाचेच."

"बेदाणेवाल्याचा आला होता आज. ढग आला होता. डायरीतून बघून एकदा तुम्ही—"

"डायरी रद्दीत गेली."

ते त्यांनी इतकं साधं सांगितलं, की मला आधी कळलंच नाही. चाळीस माणसं. हॉटेलवाला, पंक्चरवाला, पापडवाल्या. मी म्हणालो, आपण परत जमवू, मी मॅनेजरशी बोलतो, नवा अहवाल वरपर्यंत देतो. सर ऐकत होते की नाही, कळलं नाही. ते लाल आकड्यांकडे बघत होते. आकडा वर गेला, खाली आला. पन्नासवर थांबला. त्यांनी "टिकणार नाही" म्हणावं म्हणून मी वाट बघितली. ते म्हणाले नाहीत.

कुठेतरी घड्याळाचा एकच टोला पडला. साडेसात. अठ्ठ्याहत्तरावा ब्लॉक संपला. बाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी दिवा लावला. उजेडात सर वर्षभराने नाही, दहा वर्षांनी म्हातारे दिसले. मी डोळे खाली घातले, तर पायांत चपला तशाच होत्या.

बाईंनी चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सरांकडे.

"वर्षभर तुम्ही या मुलाला लबाड म्हणत आलात," त्या सरांना म्हणाल्या. "तीस वर्षं वह्या तपासल्यात मी. लबाड कोण ते मला पहिल्या पानावर कळतं. तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला, हा लबाड नाही. हा ढ आहे."